पाचवी रात्र फुकट

सोमवार, १

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ही डायरी भेट दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरा दात छापलाय. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला रोज अर्धं पान लिहावं लागे आणि शनिवारी सिस्टर ते तपासत, त्यामुळे वहीत तरी सगळ्या मुलींची मनं अगदी स्वच्छ असायची. आता तपासणारं कोणी नाही. आमचे हे वाचतात ती फक्त बँकेची पत्रं.

त्यातलंच एक आज आलं आणि घरात सुतकी शांतता पसरली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून क्रेडिट कार्डावरच्या पॉइंटांची किंमत निम्मी होणार. आज एक पॉइंट विमान कंपनीकडे पाठवला तर तिथे तिकिटासाठी एक मैल मिळतो, पुढे दोन पॉइंट द्यावे लागतील.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "हं."

आमच्याकडे दोन लाखांच्या वर पॉइंट आहेत. ते कसे जमले ते मलाच ठाऊक. साबण अमुकच दुकानातून, कारण तिथे दुप्पट पॉइंट. मित्रांबरोबर जेवायला गेलो की बिलावर पहिली झडप ह्यांची. सगळे म्हणतात, केवढा दिलदार माणूस! मग घरी येऊन प्रत्येकाकडून त्याचा त्याचा हिस्सा मागून घेतात. दहा वर्षांपूर्वी गरज नसताना दुसरा फ्रिज घेतला, त्यात आम्ही बूट ठेवतो.

इमारतीत ह्यांना सगळे 'कॅप्टन' म्हणतात. कोणते पॉइंट कुठे पाठवायचे, कधी पाठवायचे, कुठल्या कंपनीत परतीचं तिकीट स्वस्त पडतं, सगळं तोंडपाठ. ह्यांच्या सल्ल्याने निम्मी इमारत जगभर फिरून आली. आम्ही दोघं मात्र अजून विमानात बसलेलो नाही. योग्य वेळ आलेली नाही.

बुधवार, ३

ताईचा फोन आला. ताईचा फोन रविवारी येतो. बुधवारी आला म्हणजे काहीतरी आहे, हे मी उचलण्याआधीच ओळखलं.

"घर सोडतेय गं," ती म्हणाली. "पुढच्या महिनाअखेरीला. मुलाकडे जाते कायमची."

ताई समुद्रापलीकडे राहते, तिथवरचंच नऊ तासांचं उड्डाण. तिचा मुलगा त्याच्याही पलीकडे, जवळजवळ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे गेली की संपलंच.

"त्याआधी ये ना चार दिवस," ती म्हणाली. "खिडकीतून समुद्र दिसतो, तो एकदा दोघींनी मिळून बघू."

"तूच का येत नाहीस?" मी म्हटलं. म्हटल्याबरोबर जीभ चावली.

"त्या घरात? मरेपर्यंत पाय ठेवणार नाही."

याला कारण एक वेताची आरामखुर्ची. हे निवृत्त होईपर्यंत सरकारी लिफ्ट निरीक्षक होते. आयुष्यभर लिफ्टमध्ये 'कमाल भार' लिहिलेल्या पाट्या तपासल्या, त्यामुळे घरातही पाट्या लावायची सवय. शिडीवर पाटी, माळ्यावर पाटी, पुस्तकांच्या फळीवर पाटी. आठ वर्षांपूर्वी ताई आली, त्याच सकाळी ह्यांनी आरामखुर्चीला पत्र्याची पाटी ठोकली होती: 'कमाल भार ६० किलो'. ताई तेव्हाही साठाच्या बरीच पुढे होती. ती बसायला वाकली, पाटी वाचली, सरळ उभी राहिली आणि बॅग भरायला गेली. हे तिच्या मागे मागे जाऊन समजावत होते की मोजमाप शास्त्रीय पद्धतीने केलंय.

रविवार, ७

आज ह्यांच्यापुढे विषय काढला. म्हटलं, "अहो, पॉइंट निम्मे व्हायच्या आत दोन तिकिटं काढू या की. ताईला भेटून येऊ."

"जाऊ की," हे म्हणाले. "नक्की जाऊ. पण पॉइंट एकदा विमान कंपनीकडे गेले की परत येत नाहीत, हे लक्षात ठेव. घाई करायची नाही."

मग मला कागदावर चौकोन काढून समजावलं. विमानात रिकामी जागा वेगळी आणि पॉइंटांवर मिळणारी जागा वेगळी. रिकाम्या जागा ढिगाने असतात, पॉइंटांच्या जागा दोन नाहीतर तीन, आणि त्याही पहाटे उगवतात आणि न्याहारीपर्यंत मावळतात. शिवाय कंपन्या मधूनमधून बोनस देतात. बोनसच्या आधी पॉइंट पाठवणारा माणूस हा ह्यांच्या मते कच्ची फळं तोडणारा माणूस.

"म्हणजे कधी जायचं?"

"योग्य वेळी," म्हणाले आणि फिरायला बाहेर पडले. जाताना जिन्याने गेले. लिफ्ट आहे, पण हे कधीच वापरत नाहीत. "आयुष्यभर लिफ्ट तपासल्यात. काय काय तुटू शकतं ते मला माहीत आहे," असं सगळ्यांना सांगतात. मला त्यांच्या विनोदबुद्धीचं कौतुक वाटतं. आणि या वयात व्यायामाचा एवढा उत्साह!

गुरुवार, ११

ठरवलं, आपणच शिकायचं. डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान ह्यांच्याच सल्ल्याने गेल्या वर्षी बिझनेस क्लासने जाऊन आले. दुपारी पेशंट नसताना त्यांच्या दवाखान्यात गेले.

"काकू, सोपं आहे हो," त्या म्हणाल्या. "कार्डाच्या साइटवर जायचं, कंपनी निवडायची, आकडा टाकायचा, ओटीपी टाकायचा, संपलं. फक्त कार्ड ज्याच्या नावावर, खातंही त्याच्याच नावावर हवं."

म्हणजे कॅप्टनशिवाय जहाज हलणार नाही. कार्ड ह्यांचं, खाती ह्यांची, ओटीपीही ह्यांच्याच फोनवर.

"पण ती आडवी होणारी सीट कशी असते हो?" मी विचारलं. बिझनेस क्लासमध्ये माणसाला झोपता येतं, असं ऐकून होते.

"या, दाखवते," म्हणत त्यांनी मला दातांच्या खुर्चीवर बसवलं आणि पायाने कळ दाबली. खुर्ची हळूहळू मागे गेली, पाय वर आले. डोक्यावरचा दिवाही त्यांनी मंद केला.

"मॅडम, चहा घेणार की कॉफी?" त्यांनी हवाई सुंदरीच्या आवाजात विचारलं.

"चहा," मी डोळे मिटून म्हटलं. खरंच तरंगल्यासारखं वाटत होतं. मला वसतिगृह आठवलं. आमच्या खोलीच्या खिडकीतून विमानं जाताना दिसत आणि ताई मला सांगायची की आत बसलेल्या बायका पायात रेशमी सपाता घालतात. तिला कसं माहीत, हे मी कधी विचारलं नाही. ताईला सगळंच माहीत असायचं.

"आता झोपलाच आहात तर आ करा," डॉक्टरीणबाई स्वतःच्या आवाजात म्हणाल्या.

वरची दाढ किडलीय. शनिवारी बोलावलंय.

शनिवार, १३

अर्धा जबडा बधिर असतानाच ह्यांना सांगून टाकलं, बोलायला तेव्हा जास्त धीर येतो. म्हटलं, "तुम्हाला जमत नसेल तर मी एकटी जाते. एकच तिकीट, कमी पॉइंट."

हे खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. "एकटी? नऊ तास?" म्हणाले. "खाली नुसतं पाणी?"

"खाली काय आहे त्याच्याशी मला काय करायचंय? मी पडदा लावून घेईन."

ह्यांचा चेहरा अगदी पांढरा पडला. मग उठून खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. चार वेळा जिना चढले.

इतक्या वर्षांच्या संसारानंतर माझ्याशिवाय चार दिवस राहायची कल्पनाही सहन होत नाही बघा! आणि मी मनात काय काय म्हणत होते. संध्याकाळी त्यांना आवडतो तसा केक केला. मला खाता आला नाही, गाल अजून सुजलेला होता.

शुक्रवार, १९

चहा पिताना ह्यांनी मध्येच विचारलं, "ते फिरत्या दाराचं हॉटेल अजून चालू आहे का गं?"

नवल वाटलं. शाळेत रविवारी आम्हाला दोन-दोनच्या रांगेत तळ्यापर्यंत फिरायला नेत, त्या वाटेवरचं ते हॉटेल. काचेचं गोल फिरणारं दार, बाहेर सोनेरी बटणांचा दरवान. रांग तिथे आली की सिस्टर ओरडत, "नजर समोर!" आणि सगळ्यांच्या माना समोर आणि डोळे दाराकडे वळत. ताई माझा हात दाबून म्हणायची, "मोठ्या झालो की आपण या दारातून आत जाऊ. आणि एक चक्कर जास्तीची मारू." मग ताईचं लग्न झालं, ती लांब गेली. मी तर त्याच गावात राहिले, पण एकटीने कसं जायचं?

"आहे की," मी म्हटलं. "हल्ली कुठल्याशा मोठ्या कंपनीने घेतलंय म्हणे. का हो?"

"सहज," म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवून विसरले. अर्धं बिस्किट तळाशी गेलं. हे बिस्किट कधी बुडू देत नाहीत.

रविवार, २१

ताईने आवराआवर सुरू केलीय. आईची कात्री तिच्याकडे सापडली आणि आम्ही दोघी फोनवर रडलो, मग ती कात्री किती बोथट होती ते आठवून हसलो.

"येतेस ना नक्की?" तिने विचारलं.

"येते," मी म्हटलं. "शब्द दिला."

हे खिडकीशी उभे होते. पाठमोरे. त्यांनी ऐकलं असावं.

मंगळवार, २३

बोनस आला! ताईकडे जाणाऱ्या विमान कंपनीने महिनाअखेरपर्यंत पाठवलेल्या पॉइंटांवर पाव हिस्सा जास्त द्यायचं जाहीर केलंय. ही बातमी ह्यांनी नाही, मुलीने दिली. तिने परदेशातून व्हिडिओ कॉल केला आणि तारखेसकट पॉइंटांच्या दोन जागाही शोधून ठेवल्या होत्या.

"बाबा, बोनस आहे, जागा आहेत, पुढच्या महिन्यात किंमत निम्मी होणार. आता काय कारण सांगाल?"

"कारण कसलं? आनंदच आहे," हे म्हणाले. पण जेवण अर्धं टाकलं. आनंदाने माणसाची भूक जाते, तसं झालं असेल. शेवटच्या दिवशी, मंगळवारी दुपारी, सगळ्यांच्या साक्षीने बटण दाबायचं ठरलं. एवढे दिवस का थांबायचं, असं मुलीने विचारलं, तर म्हणाले, बोनस वाढूही शकतो.

बुधवार, २४

हे सकाळी खाली बागेत बराच वेळ फोनवर बोलत होते. खिडकीतून ऐकू आलं ते सगळं हवामान. तिकडे थंडी किती, वारा किती, इकडे ऊन किती. मधेच आवाज अगदी खाली आला आणि हे उभे असलेले बाकावर बसले.

वर आल्यावर विचारलं, "कोण होतं?"

"कस्टमर केअर," म्हणाले.

किती आपुलकीने बोलतात हल्ली हे लोक!

मंगळवार, ३०

जेवण केलं नाही, थेट लिहायला बसलेय.

दुपारी चार वाजता सगळे जमलो. टेबलावर संगणक, त्यापुढे हे, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे मी. डॉक्टरीणबाई दोन पेशंटांच्या मधला वेळ काढून आल्या होत्या, हातात रबरी मोजे तसेच. मुलगी फोनच्या पडद्यावर, फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवलेला.

"बाबा, कंपन्यांची यादी उघडा," मुलगी म्हणाली.

यादी उघडली. वर विमान कंपन्या, खाली हॉटेलं. ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"कॅप्टन, विमान सुटेल!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अगं, कपाळावरचा घाम पूस माझा," हे मला म्हणाले. मी पदर वर केला आणि त्यांचा चेहरा पुसला, त्यामुळे पडदा क्षणभर झाकला गेला. टकटक आवाज आला. फोनवर ओटीपी वाजला. ह्यांनी तो मोठ्याने वाचत टाकला. पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं!" मी टाळी वाजवली.

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. "कॅप्टन," त्या हळूच म्हणाल्या, "हे... हे हॉटेलकडे गेले."

"काय?" मुलगी बरणीपाशी ओरडली. "बाबा! किती गेले?"

"सगळे," हे म्हणाले.

पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत, हे तर मला चौकोन काढून समजावलेलंच होतं. मी खाली बसले. ताईला शब्द दिला होता.

"हात सटकला," हे म्हणाले. "चष्माही नव्हता. पण एक आहे. या हॉटेलांत चार रात्रींचे पॉइंट भरले की पाचवी रात्र फुकट असते. आणि आपल्या गावातलं ते फिरत्या दाराचं हॉटेल याच कंपनीचं आहे."

एवढ्या मोठ्या धक्क्यातही माणसाला नियम आठवतात, याला म्हणतात अभ्यास. पण मी त्या क्षणी ह्यांच्याकडे पाहूही शकले नाही.

बुधवार, १

आज लिहायला काही नाही. पानावरच्या दातानेही हसू नये असं वाटतं.

गुरुवार, २

रागावून रागावून किती रागावणार? बिचाऱ्यांचंच केवढं नुकसान झालंय. जन्माची पुंजी एका टिचकीत गेली. तरी माझ्यासाठी हसरा चेहरा ठेवतात. सकाळी शीळ घालत होते. दोन वेळा वाढून घेऊन जेवले. मला दुःख दिसू नये म्हणून किती ही धडपड! दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन आरामखुर्चीपाशी बसले आणि ती पत्र्याची पाटी काढून टाकली.

"का हो?"

"गंजली होती," म्हणाले.

मग खुर्ची उलटी करून तिच्या पायांना लोखंडी पट्ट्या मारल्या. रिकामा हात नको, मन गुंतून राहतं.

रविवार, ५

ताईला सांगावं लागलं. सगळी वाक्यं आधी पाठ केली होती, तरी दुसऱ्याच वाक्याला रडू फुटलं. वाटलं होतं, तीही रडेल. नाहीतर ह्यांचा उद्धार करेल, आठ वर्षं करतेच आहे.

"बरं बरं," ती म्हणाली. "माणूस आहे, होतात चुका. तुमच्याकडे हल्ली हवा कशी आहे? शाल लागते का?"

मी फोन ठेवला. मी येणार नाही याचं तिला एवढंही वाटू नये? घर सोडायच्या गडबडीत मन दगडाचं होत असेल.

गुरुवार, ९

हे म्हणाले, "मंगळवारपासून पाच रात्री हॉटेलात राहू. दोन खोल्या घेतल्यात."

मी भांडी आपटली. "इथून अर्ध्या तासावर स्वतःचं घर असताना? माझी बहीण तिकडे एकटी खोकी बांधतेय आणि मी इकडे हॉटेलात लोळू? आणि दोन खोल्या कशाला? माणसं दोन!"

"चुकून झाल्या," म्हणाले. "एक सहाव्या मजल्यावर, एक पहिल्यावर."

हल्ली ह्यांच्याकडून फारच चुका होतात. वयही झालं. एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं, खऱ्या डॉक्टरांना, दातांच्या नव्हे. मुलीला तसं कळवलं, तर तिने उलट हसण्याचं चित्र पाठवलं. हल्लीच्या मुलांना कशाचं गांभीर्य म्हणून नाही.

मंगळवार, १४

कुठून सुरू करू?

माझी इच्छा नव्हती, तरी ह्यांनी टॅक्सी बोलावली. मी घरातलीच साडी नेसून निघाले, निषेध म्हणून. हॉटेल तसंच आहे. दरवानाची बटणं अजून सोनेरी. फिरतं दारही तेच, काच मात्र नवी. मी दारापाशी थांबले. इतक्या वर्षांनी समोर उभी राहिले आणि पाय उचलेना. कानात सिस्टर ओरडत होत्या, नजर समोर.

नजर समोर केली, तर दाराच्या काचेपलीकडून एक जाडजूड बाई निळी शाल पांघरून माझ्याकडे हात हलवत होती.

ती आतून दारात शिरली, मी बाहेरून शिरले. ती बाहेर पोचली, मी आत पोचले. मी परत फिरले, तीही परत फिरली. दरवान हसायला लागला. शेवटी ताई ओरडली, "तू थांब गं बावळट, मी येते!" आणि तिने येऊन मला आपल्याच कप्प्यात ओढून घेतलं. आम्ही दोघी त्या एका कप्प्यात चिकटून एक चक्कर मारली. मग जास्तीची मारली.

"कशी आलीस? कधी आलीस?"

"तुझ्या इन्स्पेक्टरने तिकीट पाठवलं. शपथ घरात पाय न ठेवायची घेतली होती, हॉटेलाबद्दल काही बोलले नव्हते."

हे बॅगांपाशी उभे होते, शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलासारखे.

"काय इन्स्पेक्टर," ताई म्हणाली. "वजनकाटा आणलाय का?"

"ताई, ती पाटी..."

"पाटीचं फोनवर झालं. ती माफी घरातली होती. आता लोकांदेखत एक काम करा. आम्हाला लिफ्टने सहाव्या मजल्यापर्यंत पोचवा."

"सामान देतो ना, मी जिन्याने..."

"लिफ्टने," ताई म्हणाली.

लिफ्टचं दार उघडलं. ताईने आत जाऊन भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचली, "कमाल भार, तेरा व्यक्ती. बघा, इथे मला जागा आहे."

ह्यांनी लिफ्टच्या छताकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत आले. दार बंद झालं तशी त्यांनी माझा हात धरला. लोकांसमोर ह्यांनी माझा हात कधी धरला नाही, लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. आज ताईच्या देखत असा घट्ट धरला की बोटं दुखायला लागली. तळवा ओलाचिंब होता. डोळे मिटलेले होते. मलाही भरून आलं, मीही मिटून घेतले. या वयात असं काही वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

वर पोचल्यावर म्हणाले, "मी खाली पहिल्या मजल्यावर असेन." आणि जिन्याने गेले. भावना लपवायला.

ताई भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

गुरुवार, १६

दोन दिवस आम्ही दोघी नुसत्या बोलतोय. खिडकीतून समुद्र नाही, पण तळं दिसतं आणि ती वाटही दिसते, जिच्यावरून रांग जायची. हॉटेलच्या पांढऱ्या सपाता पायात घालून ताई खोलीभर मिरवते. रेशमी नाहीत, पण चालतात, म्हणते.

आज तिने फोनचं सांगितलं. "दहा मिनिटं तुझा नवरा नुसता हवामानावर बोलला. मी म्हटलं, इन्स्पेक्टर, मुद्द्यावर या. तर म्हणाला, ताई, खुर्ची कमकुवत होती, मी पाटी तुम्हाला लावली. आणि म्हणाला, तिला मी तुमच्याकडे आणू शकत नाही, मला ते जमणारच नाही, म्हणून तुम्हीच या. तिकीट पूर्ण पैसे देऊन काढलं गं त्याने. पॉइंट न वापरता!"

हे मात्र मला बसून ऐकावं लागलं. पूर्ण पैसे! ह्यांनी!

"कधी केला फोन?"

"बुधवारी. चोवीस तारखेला."

ताईचा हल्ली तारखांचा घोळ होतो. पॉइंट तर तीस तारखेला चुकले. मी तसं म्हटलं, तेव्हा ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"तुला खरंच अजून कळलं नाही?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "चांगला आहे गं तुझा नवरा."

आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, म्हणून तारखेसकट लिहून ठेवते.

शनिवार, १८

आज सकाळी न्याहारी झाल्यावर ताई म्हणाली, "हॉटेलचा चहा पुरे झाला. तुझ्या हातचा पाज."

"पण माझ्या घरी..."

"चल गं. शपथा काय, जुन्या झाल्या की निम्म्या होतात. तुमच्या त्या पॉइंटांसारख्या."

दारातून आत आली, थेट आरामखुर्चीपाशी गेली. पाटी होती तिथे वेतावर नुसता फिकट चौकोन उरलाय. तिने त्यावरून बोट फिरवलं. हे स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभे होते, हातात साखरेची बरणी. ताई बसली. खुर्ची एकदा करकरली आणि गप्प झाली.

"किती धरते हो आता?" तिने विचारलं.

"दीडशे," हे म्हणाले. "मी स्वतः बसून बघितलंय, दोन पोती घेऊन."

संध्याकाळ झाली तरी ती उठली नाही. बोलता बोलता तिथेच डोळा लागला, तोंड उघडं, निळी शाल गळ्यापर्यंत. उद्या दुपारी तिचं विमान. मी तिच्या पायांखाली उशी सरकवली. तिकडे सहाव्या मजल्यावरची खोली तशीच, गाद्या नीट, सपाता दारापाशी.

"अहो," मी हळूच म्हटलं, "आज रात्री आता ही इथेच झोपणार. खोलीचे पॉइंट वाया गेले की."

मला वाटलं, आता ह्यांचा जीव तुटेल. सुटलेल्या एका पॉइंटासाठी ह्यांनी घरी निघालेल्या दुकानदाराला रस्त्यावरून परत बोलावलेलं मी पाहिलंय. पण हे दिवा मंद करत होते, ताईच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून.

"जाऊ दे," म्हणाले. "पाचवीच आहे ना? ती फुकटच होती."